ताटावर आडवा हात

"नको काका, खरंच नको," तन्मय म्हणाला आणि त्याने ताटावर हात आडवा धरला.

मुरलीधरच्या हातातली पळी मध्येच थांबली. पळीच्या टोकाचं वरण खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर टपकलं आणि एका नव्या टॉवरच्या जाहिरातीत मुरत गेलं.

"अरे, ताट घेऊन बसलास आणि नको?"

"ताट तुम्ही मांडलंत. मी फक्त कंपनी द्यायला बसलोय. माझं सेकंड मील ऑफिसमध्येच झालं. नाऊ ओन्ली टुमॉरो."

"दोन घास वरणभातानं काय होतंय?"

"इन्सुलिन वाढतं, काका. एक घास घ्या नाहीतर ताटभर घ्या, वाढायचं तेवढं वाढतंच."

"तुझ्या आजोबांचं कधी वाढलं होतं का?"

"आजोबांना डायबिटीस होता."

सदानंद खो खो हसला. पलीकडे वेदांग पोळीचे चार समान तुकडे करत होता. एक तुकडा त्याने ताटात ठेवला, उरलेले डब्यात टाकले.

"ह्याचं ऐकू नका काका," वेदांग म्हणाला. "उपाशी राहिलं की शरीर घाबरतं आणि चरबी धरून ठेवतं. दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. सहाला मूठभर शेंगदाणे झाले, आता पाव पोळी, झोपताना हळदीचं दूध."

"तुझं शरीर घाबरत असेल," तन्मय म्हणाला. "माझं चिल आहे."

"आणि तुला रे?" मुरलीधरने सदानंदकडे पळी वळवली.

"मला भाजी वाढ. बटाटे बाजूला काढून."

"सदा, बटाट्याचीच भाजी आहे."

"मग त्यातला कांदा वाढ."

मुरलीधरने पळी पातेल्यात सोडली, स्वतःच्या भातावर वरण घेतलं, तूप घेतलं आणि जेवायला सुरुवात केली. समोरच्या तीन ताटांत मिळून एका माणसाचंही जेवण नव्हतं.

दुबईजवळच्या अजमानच्या नुऐमिया भागातला हा दोन बेडरूमचा फ्लॅट मुरलीधरने आणि सदानंदने दहा वर्षांपूर्वी भाड्याने घेतला होता. २००९ मध्ये दुबईतल्या क्रेन होत्या तिथे थांबल्या आणि पगार अर्ध्यावर आले. तेव्हा ज्यांच्या नोकऱ्या उरल्या, त्यांनी बायकामुलांना परत पाठवलं. मुरलीधरचं कुटुंब शारजात राहत असे. अर्चना आणि तिसरीतली मिहिका नाशिकला गेल्या, तेव्हा विमानतळावर त्याने "दोन वर्षांत परत आणतो" असं सांगितलं होतं. मिहिका आता कॉलेजात होती. तो उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागात ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होता. तेव्हाही तेच, आताही तेच.

पहिल्या वर्षी फ्लॅटमध्ये दगडू शिर्के नावाचा ड्राफ्ट्समन होता. मूळचा गुहागरचा, कमी बोलणारा. त्याने एकदा "बाहेर जेवून आलो" म्हणायला सुरुवात केली आणि मग रोज तेच म्हणू लागला. कुणाला काही वाटलं नाही. साइटवर कधी कधी जेवण मिळायचं. एका सकाळी त्याचे बूट दाराशी नव्हते आणि बॅगही नव्हती. ऑफिसात फोन केला तेव्हा कळलं, त्याला काढून दोन महिने होत आले होते. नंतर सदानंदला आठवलं की दगडू एकदा भरदुपारी मशिदीबाहेरच्या थंड पाण्याच्या नळाशी उभा दिसला होता. त्याला वाटलं होतं, तहान लागली असेल.

त्यानंतर मुरलीधरने मेसला नियम घातले. कुणी बाहेर जेवून यायचं नाही. चौघांचे बूट दाराशी दिसल्याशिवाय पातेल्यावरचं झाकण उघडायचं नाही. ताटं वाढता वाढता तो पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला विचारत आला होता, "काय विशेष आज?" आता प्रत्येकाने काहीतरी सांगायचंच. मॅनेजर ओरडला, सिग्नल तुंबला, काहीही. खोल्यांत माणसं आली आणि गेली, पण हा रिवाज टिकला. वेदांग शारजाच्या बँकेत होता आणि चार वर्षांपूर्वी आला होता. तन्मय शारजातच वाढलेला, नोकरी दुबईत. आईवडील रिटायर होऊन पुण्याला गेले, तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याला मुरलीधरच्या स्वाधीन केलं होतं. "जेवतो ना, तेवढं बघा," एवढंच ते म्हणाले होते.

आणि आता, मोबाइलवरच्या डाएटच्या तीन ग्रुपांनी तीन दिशांना ओढल्यामुळे ही मेस उसवत चालली होती.

मुरलीधरने एका शुक्रवारी सगळ्यांना सकाळी एकत्र बसवलं. स्टोअरमध्ये दोन कंपन्यांचे स्क्रू एकाच खिडकीला बसवायचे असले की तो जसा पेच जुळतो का बघायचा, तसं त्याने तिघांच्या नियमांकडे बघायचं ठरवलं.

"सांगा एकेकानं. तुझं काय, तन्मय?"

"दिवसातून दोनदाच. खूप भूक लागेल तेव्हा. बसलं की पंचावन्न मिनिटांत संपवायचं. मध्ये पाणी, पातळ ताक, कोरा चहा. दॅट्स इट."

"आणि साधा चहा?"

"दूध-साखरेचा? तो पूर्ण जेवण मोजला जातो."

"एक कप चहा म्हणजे जेवण! मग मी दिवसातून सहा वेळा जेवतो," मुरलीधर म्हणाला. "वेदांग?"

"मी सगळं खातो. भात, पोळी, तूप, केळं. फक्त थोडं आणि सारखं. पोट रिकामं ठेवायचं नाही, आणि दिवस मावळायच्या सुमारास मोठं जेवण संपवायचं."

"सदा?"

"धान्य नाही, बटाटा नाही, साखर नाही. अंडी, पनीर, लोणी, पालेभाजी. आणि ते हिरवं फळ."

"ॲव्होकाडो," तन्मय म्हणाला.

"तेच. बारा दिरहॅमला दोन. म्हणजे सव्वादोनशे रुपयांना दोन! चवीला साबण," मुरलीधर म्हणाला. "म्हणजे एकाला पोट रिकामं लागतं, एकाला भरलेलं लागतं आणि एकाला मी जे करतो ते सोडून बाकी सगळं चालतं. तिघांचं एकमत कशावर आहे?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"साखर वाईट," वेदांग म्हणाला.

"हो. साखर इज पॉयझन."

"मुरलीचा शिरा बंद," सदानंदने निकाल दिला.

तरी त्या सकाळी एक तोडगा निघाला. संध्याकाळी सातला बसायचं. वेदांगचं ते मोठं जेवण, तन्मयचं दुसरं, सदानंदला वेळेचं बंधन नाही. मुरलीधरने पालकाची ताकातली भाजी केली, तिच्यात डाळीचं पीठ न लावता. भात वेगळा, पोळ्या वेगळ्या, पनीर वेगळं. शुक्रवारी आणि शनिवारी चौघं पोटभर जेवले. मुरलीधरने दोन्ही दिवस भांडी घासताना गाणं म्हटलं. रविवारी दुबईहून येणारा रस्ता तुंबला. तन्मय सव्वाआठला पोचला तो ऑफिसमध्ये खाऊनच, आणि वेदांगने घड्याळाकडे बघत सातलाच आटोपून घेतलं होतं. पुढे कुणी सातचं नाव काढलं नाही.

मुरलीधर मात्र तन्मयकडे बघत राहिला. पोराचे गाल बसले होते. पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं. रोज दाराशी बूट काढता काढता तो एकच वाक्य बोलायचा, "जेवून आलोय, काका." मुरलीधरला ते वाक्य ऐकलं की हातातलं काम सुचेनासं व्हायचं. तो रोज एक ताट वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून ओट्यावर ठेवायचा. सकाळी ते तसंच असायचं.

शेवटी एका संध्याकाळी त्याने तन्मयला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"तन्मय, खरं सांग. नोकरी आहे ना?"

"व्हॉट?"

"लपवू नकोस. मी तुझ्या बाबांना काही सांगणार नाही. पण उपाशी राहू नकोस रे. इथे अन्न आहे."

तन्मय ओट्याला टेकून हसायला लागला. "काका! आय लॉस्ट इलेव्हन किलोज. मुद्दाम. ऑन पर्पज!" त्याने मोबाइल काढून फोटो दाखवला. आधीचा तन्मय, नंतरचा तन्मय, खाली दोनशे जणांनी दिलेले अंगठे. "मागच्या महिन्यात इन्क्रिमेंट पण झालंय."

दार लोटलेलं असलं तरी भिंती पातळ होत्या. बाहेर वेदांगने ऐकलं आणि रात्रीच्या हळदीच्या दुधापर्यंत त्याला विषय पुरला. "काकांनी जगातल्या सगळ्या डाएटवाल्यांना बेकार ठरवलं! काका, मी दोन तासांनी खातो म्हणजे माझ्या दोन नोकऱ्या आहेत का?"

मुरलीधरही हसला. "चुकलंच माझं," म्हणाला आणि ओट्यावरचं झाकलेलं ताट उचलून त्याने फ्रिजमध्ये ठेवलं.

सदानंद हसला नव्हता. तो तन्मयला बाल्कनीत घेऊन गेला. खाली पाकिस्तानी न्हाव्याच्या दुकानातला दिवा लुकलुकत होता.

"तुला दगडू शिर्के माहीत नाही," सदानंद म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. नळाजवळचंही सांगितलं. "त्या दिवसापासून मुरलीसमोर 'जेवून आलो' म्हटलं की ह्याला तो आठवतो. तू तुझं कर. वजन चांगलं उतरलंय. फक्त ते वाक्य जरा वेगळं म्हण."

दुसऱ्या दिवसापासून तन्मय दाराशी म्हणायला लागला, "काका, आज पण नॉट हंग्री." मुरलीधरला त्यातला फरक जाणवला, पण तो कुठून आला ते त्याला कळलं नाही.

मार्चअखेर सदानंद महिन्याच्या रजेवर सोलापूरला गेला. त्याच आठवड्यात मुरलीधरला मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर जॉर्डनचा, तरुण. त्याने आधी खुर्ची दिली, मग कावा, म्हणजे अरबी कॉफी, मागवला. कावा आला तेव्हाच मुरलीधर समजला. कामाच्या बोलण्याला तिथे कावा येत नसे.

"मुरली, हबीबी, यू आर लाइक माय अंकल," मॅनेजर म्हणाला. स्टोअर अबुधाबीच्या मोठ्या गोदामात विलीन होत होतं. तिथे सगळं कॉम्प्युटरवर. एप्रिलअखेरपर्यंत माल मोजून द्यायचा. "आफ्टर दॅट, खलास. बट इफ समथिंग कम्स, इन्शाल्ला, आय कॉल यू फर्स्ट."

"थँक यू, सर," मुरलीधर म्हणाला. त्याने कावा संपवला, कारण तो टाकणं बरं दिसलं नसतं.

परतीच्या व्हॅनमध्ये तो नेहमीच्या खिडकीशी बसला. घरी अर्चनाला कसं सांगायचं, हा विचार त्याने अजमानच्या वेशीपर्यंत पुरवला. मग त्याला आठवलं की अर्चनाच्या आधी आजची पंगत आहे. पातेल्याचं झाकण उघडणार, आणि ताटं वाढता वाढता काहीतरी विशेष सांगावं लागणार.

स्वयंपाक त्याने रोजच्यासारखाच केला. वरण, भात, दुधीची भाजी. वेदांगसाठी पातळ पोळ्या. पेपर अंथरला, ताटं मांडली, वाढलं. स्वतःच्या ताटाशी पळी आली तेव्हा ती त्याने परत पातेल्यात ठेवली आणि ताटावर हात आडवा धरला.

"मीपण सुरू केलं म्हटलं. दोन वेळांचं."

"नो वे!" तन्मय ओरडला. "काका! वेलकम टू द ग्रुप!"

"दोन वेळांचं कशाला? माझं करायचं होतं, त्यात भात चालतो," वेदांग म्हणाला. "फितूर झालात काका. दहा वर्षांची तपश्चर्या गेली."

"वय झालं रे. पोट सुटलंय."

"ग्रेट डिसिजन," तन्मयने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या घरात त्याचं इतकं कौतुक याआधी कधी झालं नव्हतं. वेदांगने पोळीचा तुकडा भाजीत बुडवला आणि मग मान वर केली.

"काका, आज विचारलं नाहीत. काय विशेष?"

"विसरलोच बघ," मुरलीधर म्हणाला आणि उठून पाण्याची बाटली आणायला गेला.

फ्रिजचं दार उघडून तो जरा वेळ तिथेच थांबला. दगडूबद्दल तो दहा वर्षं एकच समजत आला होता: मेसचा हिशेब चुकवता येईना म्हणून तो बिचारा आपल्या वाटणीचं अन्न टाळत होता. आपण त्याला बळेच बसवायला हवं होतं, म्हणून तर हे नियम. पण अन्न तर तेव्हाही पातेलंभर होतं, आणि कुणी हिशेब मागितला नव्हता. दगडू जेवणाला टाळत नव्हता. पळी हातात धरून, रोज, हसत हसत जो प्रश्न मुरलीधर विचारत होता, त्याला टाळत होता.

अर्चनाला त्याने फोनवर डाएटचंच सांगितलं. "अहो, किती दिवस कानीकपाळी ओरडतेय मी," ती म्हणाली. तिची भिशी आख्खी दोन तासांनी खाणारी होती. "बरं झालं, एकदाचं ऐकलंत." तिचा आवाज इतका आनंदी होता की पुढचं वाक्य त्याने गिळलं.

दिवसा तो कारखान्यात डबा खायचा. म्हणजे उघडायचा, अर्धा खायचा आणि मिटायचा. संध्याकाळी पोरं यायच्या आत घरी पोचून स्वयंपाक उरकायचा. पंगतीला हात आडवा धरून बसायचा आणि त्या दोघांची भांडणं ऐकायचा. तो प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. दोघांपैकी कुणाला ते विशेष वाटलं असेल, असं त्याला वाटलं नाही.

एका मंगळवारी तन्मय लवकर आला. दुपारच्या मीटिंगनंतर त्याला सोडलं होतं आणि दुसरं जेवण त्याने वाटेतच आटपलं होतं. किल्लीने दार उघडून तो आत आला तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीशी मुरलीधर उभा होता. एका हातात चहाचा पेला, चांगला दाट, दुधाचा. दुसऱ्या हातातलं मारी बिस्किट त्याने चहात बुडवलं होतं. ते बुडवून तो बाहेर बघत राहिला आणि बिस्किट मऊ पडून पेल्यात कोसळलं. त्याने ते चमच्याने काढून खाल्लं. साखरेचा डबा उघडाच होता.

तन्मयच्या ओठांवर थट्टा आली. दुधाचा चहा म्हणजे एक जेवण, वर बिस्किट, काका, तुम्ही तर डिसक्वालिफाय! ग्रुपवर टाकायला फोटोही छान आला असता.

मग त्याला काकांची विजार दिसली. नाडी आवळून कमरेशी चुण्या पडल्या होत्या. पंधरा दिवसांत एवढं उतरत नाही. ग्रुपवर कुणाचंच उतरलं नव्हतं. आणि चहा घेणारा माणूस दोन वेळांच्या नियमाने उपाशी नसतो. त्याला तो नियमच नसतो. बाल्कनीत ऐकलेला दगडू त्याला आठवला, आणि इतक्या दिवसांत काकांनी 'काय विशेष' विचारलंच नव्हतं, हेही.

तो पावलं न वाजवता मागे गेला, दार बाहेरून ओढून घेतलं, आणि बेल वाजवली.

"किल्ली विसरलास का?" मुरलीधरने दार उघडलं. पेला विसळून पालथा घातलेला होता.

"हो काका."

वेदांग आला, त्याने आपला तुकडा खाल्ला, डबे भरले आणि जिमला गेला. पेपरवर पातेली तशीच होती. मुरलीधर झाकण लावायला वाकला.

"थांबा," तन्मय म्हणाला. तो आत जाऊन दोन ताटं घेऊन आला आणि समोरासमोर मांडली. एकापुढे स्वतः मांडी घालून बसला. इथे वाढलेल्या पोराला मांडी कधी नीट जमली नव्हती. एक गुडघा वरच राहिला.

"तुझी वेळ संपली ना रे?"

"आज सुट्टी आहे डाएटला."

"मंगळवारी?"

"मंगळवारीच असते."

मुरलीधर बसला. सवयीने त्याचा हात ताटावर आडवा गेला. तन्मयने झाकण बाजूला ठेवलं, स्वतःला भात वाढला, पळीने वरण तळापासून ढवळलं आणि आधी स्वतःच्या भातावर घेतलं. एक घास खाल्ला. मग दुसरा, मोठा. पळी पुन्हा भरून त्याने ती मुरलीधरच्या ताटाजवळ आणली आणि तशीच धरून ठेवली.

मुरलीधर वाट बघत होता. पळी समोर आली की प्रश्न येतो, हा ह्या घराचा रिवाज होता आणि तो त्यानेच घातला होता. खाली कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. प्रश्न आला नाही. पळी जड झाली तेव्हा तन्मयने दुसऱ्या हाताचा आधार दिला.

"गार होतंय, काका," तो म्हणाला.

मुरलीधरने ताटावरचा हात काढला.